फरशीखालचा षड्ज

मी एक जुना रबराचा ठोकळा आहे. कारागीर मला माउंटिंग म्हणतात. चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझी भावंडं ट्रकच्या इंजिनांखाली बसली, माझ्या नशिबी मात्र समुद्र आला.

मित्रांनो, चेन्नईच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर एक तरंगतं घर आहे. प्रवाहानं ते वाहून जाऊ नये म्हणून त्याचा पाण्याखालचा पंखा रात्रंदिवस संथ फिरतो. तो फिरवणाऱ्या मोटारीखाली मी बसलो. तिची थरथर गिळायची, फरशीला कळू द्यायची नाही, एवढंच माझं काम. नाव अर्थातच मोटारीचं व्हायचं!

घरमालक सेतुमाधव पूर्वी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या पत्नी अलमेलू सकाळी तंबोऱ्यावर षड्ज लावत. त्या काठोकाठ भरलेला कॉफीचा टंबलर फरशीवर ठेवत आणि म्हणत, "पाहा, एक थेंब हालत नाहीं!" माझं कौतुक झालं ते एवढंच, पण मला ते पुरे होतं.

अलमेलू गेल्या. त्यानंतर मोटारीवरचं झाकण कोणी उघडलं नाही. माझ्यावर तेल ठिबकत राहिलं, मी कडक झालो, मला भेगा पडल्या. एका संध्याकाळी थरथर माझ्या हातून निसटली आणि फरशी गुणगुणू लागली. सेतुमाधवांनी टंबलर खाली ठेवला. ती गुणगुण म्हणजे अलमेलूंचाच षड्ज होता.

ते धावत खाली आले. जुन्या सवयीनं त्यांनी पेचकसाचं टोक मला टेकवलं आणि त्याच्या मुठीला कान लावला. चाळीस वर्षं त्यांनी असाच यंत्रांचा आजार ओळखला होता. माझाही ओळखला. मग पेचकस खिशात घालून त्यांनी हळूच झाकण लावलं.

मोटार वेगात फिरली की तो आवाज नाहीसा होई. म्हणून प्रवाह वाढला तरी ते तिला संथच ठेवू लागले. मला फार भीती वाटायची.

रविवारी त्यांची मुलगी सहाना शहरातल्या एग्मोरहून आली. तिच्या टंबलरमधली कॉफी सांडली.

"अप्पा, फरशी कां थरथरते? मेस्त्रीस बोलवूं?"

"नको गे. अम्मा गाते तें."

सहानानंही डोळे मिटून ऐकलं.

त्याच दुपारी माझा बोल्ट तुटला. मोटार कलंडली, पंखा थांबला आणि घर बंदराच्या दगडी बांधाकडे वाहू लागलं. सहानानं एकटीनं नांगर टाकला. दोर तिच्या तळहातांची सालटं काढत गेला. बांध वीस हातांवर असताना घर थांबलं.

ते रक्ताळलेले हात पाहून सेतुमाधव खाली बसले. "मज ठाऊक होतें, कण्णा," एवढंच ते लाडक्या लेकीला म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मला काढून नवा ठोकळा बसवला.

आता मी त्यांच्या उशाजवळच्या फळीवर असतो. घर शांत आहे. टंबलर काठोकाठ भरून ते फरशीवर ठेवतात. थेंब हालत नाही. तरीही ते वाकून फरशीला कान लावतात. आणि खरं सांगू? कधीकधी मलाही ऐकू येतं.

मित्रांनो, घरात काही थरथरू लागलं तर पहिल्याच दिवशी झाकण उघडा. उशीर झाला की त्या थरथरीत आपलं माणूस बोलू लागतं, आणि मग झाकण उघडायला हात धजत नाही.