उकळलेल्या पाण्याची थरथर

रांग पार गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. आत महाराज एकेकाच्या शिरेत सिद्धजलाची सुई टोचत होते आणि बाहेर बाकांवर टोचून घेतलेली मंडळी दात वाजवत, चादरी पांघरून धन्य होत होती.

"शक्ती अंगात शिरली की देह थरथरणारच," महाराज सांगत होते. "आठ दिवस मडक्यात शक्तीचा निवास, मग तुमच्या डोळ्यांदेखत उकळून अग्निशुद्धी. सुईसुद्धा दर माणसाला नवी. आहे कुणाला शंका?"

शंका शिंपीणबाईंना होती. मागच्या खेपेला त्यांचे वडील, अप्पा, दुपारभर तापानं फणफणले होते. हृदय आधीच अधू. तरी स्वारी दुसऱ्या सुईसाठी रांगेत हजर.

"अप्पा, पुन्हा तसा ताप तुम्हाला झेपायचा नाही."

"अगं, नंतर कसं हलकं वाटलं!"

"ताप उतरला की कुणालाही हलकंच वाटतं."

अप्पा ऐकतील तर शपथ. शिंपीणबाई तडक गेल्या आणि दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या.

डॉक्टरीणबाईंनी गोड हसून विचारलं, "महाराज, थरथर पाण्यानं होते की मंत्रानं?"

"मंत्रानं. पाण्याचं काय, ते नुसतं साधन," महाराज बोलून बसले.

"मग मंत्र तुमचा, सुई आणि पाणी माझं." त्यांनी पिशवीतून सलाइनची सीलबंद बाटली काढली.

शिंपीणबाईंनी हातातला सदरा बाकावर ठेवून बाही वर सारली. "मला टोचा. अप्पा, तुमच्या नव्या सदऱ्याची काजं तेवढी राहिलीत, ती इथंच करत बसते. हात थरथरला, तर तुम्ही खुशाल सुई घ्या."

डॉक्टरीणबाईंनी सलाइन टोचलं, महाराजांनी घसा सुकेपर्यंत मंत्र म्हटला. एक काज झालं, दुसरं झालं. शेवटचं संपलं तेव्हा महाराजांचाच आवाज थरथरत होता. अप्पांनी चष्मा लावून टाके पाहिले. एकही वाकडा नव्हता.

"पण मडक्यातलं पाणी तर उकळलेलं होतं," ते पुटपुटले.

"उकळून जंतू मेले, अप्पा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " पण काही जंतूंच्या सालीतच विष असतं, आणि ते साध्या उकळीला दाद देत नाही. आठ दिवसांत मडक्यात ते भरपूर साठतं. रक्तात ती साल दिसली की आपल्या पहारेकरी पेशींना वाटतं, शत्रू घुसला. त्या एकच गलका करतात, म्हणून हुडहुडी भरते, ताप चढतो. गलका फार वाढला, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावतो. तुम्ही थोडक्यात वाचलात."

"म्हणजे ती शक्ती..."

"तुमचीच होती. ह्यांच्या पाण्याशी लढत होती."

बाकांवर हशा पिकला. महाराज मडकं उचलू लागले, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते राहू द्या. तपासायचंय."

अप्पांनी नवा सदरा तिथंच अंगात चढवला, सगळी बटणं लावली आणि रांगेकडे वळले.

"घरी चला रे. आणि अंगात काही शिरलं असं कुणी सांगितलं, तर हात जोडण्याआधी विचारा, काय शिरलं?"