जावयाने दिलेला चाकू

चावीवाल्यांच्या साठाव्या वाढदिवसाला जावयाने त्यांना घडीचा चाकू दिला. लाल मुठीचा, पोटात सोळा हत्यारं असलेला. दोन पाती, कात्री, करवत, डबे उघडायची आकडी, चिमटा, भिंग आणि आणखी काय काय. पेटीत निळ्या मखमलीवर निजवलेला. मोठ्या पात्याच्या मुळाशी 'बाबांना' अशी बारीक अक्षरं मुद्दाम कोरून घेतलेली. जावई दातांचे डॉक्टर. कुठल्याशा परिषदेसाठी ते परगावी गेले होते आणि तिथल्या एका दुकानदाराने म्हणे खास त्यांच्यासाठी तो निम्म्या किमतीत दिला होता.

चावीवाल्यांनी चाकू तळहातावर घेतला आणि उघडायच्या आधीच त्यांना कळलं. चाळीस वर्षं कुलपां-किल्ल्यांत घालवलेला माणूस, त्यांना लोखंडाचं वजन सांगायला तराजू लागत नसे. तरी शहानिशा म्हणून त्यांनी चाकू दिव्यासमोर धरला. थरांच्या फटींतून पलीकडचं कॅलेंडर दिसलं. पातं उघडलं तर ते हलत होतं.

"कसा आहे, बाबा?" जावयाने विचारलं.

चावीवाल्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलाखाली बायकोचा पाय त्यांच्या पायावर पडला आणि तिथेच राहिला.

"सुरेख," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी विषय काढला. "अगं, तो चाकू नकली आहे."

"असू दे."

"कात्री कागद कापत नाही, नुसती चावते."

"तुम्हाला कुठे कागद कापायचेत? लेकीच्या लग्नाला वर्ष झालं नाही अजून. पोराने हौसेनं काहीतरी आणलंय. एक शब्द जरी बोललात ना, तर तुम्ही आणि तुमचा चाकू, दोघांनी दुकानातच झोपायचं."

"मी कुठे बोलतोय? तुला सांगतोय फक्त."

"आणि तुमची कवळी? ती काय खरी आहे? त्याच नकली दातांनी रोज दोन वेळा व्यवस्थित जेवताय ना?"

कवळी जावयानेच करून दिली होती आणि ती इतकी चपखल बसली होती की चावीवाले कधीकधी ती काढायला विसरत. ते म्हणाले, "कवळी मला खरे दात म्हणून कोणी विकली नव्हती."

"चहा प्या," बायको म्हणाली, आणि चर्चा संपली.

मग त्यांनी ठरवलं की आपण प्रामाणिकपणे हाच चाकू वापरायचा. दुकानात त्यांनी तो गल्ल्याशेजारी ठेवला. पहिल्याच दिवशी चिमटा आपल्या खाचेतून निसटला आणि पायरीसमोरच्या गटाराच्या जाळीतून खाली गेला. दुसऱ्या दिवशी कात्रीची स्प्रिंग उडाली. ती कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पेटीची बिजागरी काढताना स्क्रू जागचा हलला नाही, स्क्रू ड्रायव्हरच पिळवटला. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, नवीन घ्या की एखादा." चावीवाल्यांनी मान डोलावली. भिंग तेवढं बरं होतं, पण त्यातून सगळं जितकं होतं तितकंच दिसायचं.

पाचव्या दिवशी एका पार्सलची चिकटपट्टी कापताना मोठं पातं उलट फिरून बोटावर मिटलं. खऱ्या चाकूत पातं उघडं राहावं म्हणून मागे जी दणकट पट्टी असते, ती यात नावापुरती होती. बरंच रक्त गेलं. घरी त्यांनी सांगितलं की चावी कापायच्या मशीनमध्ये बोट सापडलं. चाळीस वर्षांत त्या मशीनने त्यांना कधी ओरखडाही काढला नव्हता. बायकोने बोटाकडे बघितलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पट्टी आणून बांधली.

लेक आणि जावई दर रविवारी यायचे. जावयाचा पहिला प्रश्न ठरलेला.

"बाबा, चाकू कसा चालतोय? दाखवा की."

"दुकानात राहिला."

पुढच्या रविवारीही तो दुकानातच राहिला होता. तिसऱ्या रविवारी जावई म्हणाले, "हरकत नाही. मंगळवारी माझा दवाखाना बंद असतो, मी दुकानावरच येतो."

सोमवारी चावीवाल्यांनी दुकान दोन तास आधी बंद केलं आणि शहरातल्या त्या मोठ्या, काचेच्या भिंतींच्या दुकानात गेले, जिथे खऱ्या कंपनीचा माल मिळायचा. तोच रंग, तीच लांबी, तीच सोळा हत्यारं. किंमत ऐकून त्यांनी एकदा खुर्ची मागून घेतली. पण मग विक्रेत्या मुलीने चाकू त्यांच्या हातात दिला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

पातं उघडायला अंगठ्याचं नख थोडं जोरात लावावं लागलं. उघडलं ते थेट जागेवर जाऊन बसलं, हलवून हलेना. मिटलं तेव्हा टक् असा एकच आवाज आला, पेटीचं चांगलं कुलूप लागल्यासारखा. दिव्यासमोर धरला तर थरांमध्ये केसभरही उजेड नाही. कात्रीने पावतीचा कोपरा सरळ कापला. चावीवाल्यांनी सोळाच्या सोळा हत्यारं एकेक करून उघडली, एकेक करून मिटली, आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. आयुष्यभर त्यांनी लोकांसाठी किल्ल्या केल्या होत्या, स्वतःसाठी अशी वस्तू कधी घेतली नव्हती. विक्रेती मुलगी शेवटी म्हणाली, "काका, बांधून देऊ ना?"

दुकानात परत येऊन त्यांनी जुन्या चाकूवरची अक्षरं समोर ठेवली आणि कोरायच्या सुईने नव्या पात्यावर 'बाबांना' हुबेहूब उतरवलं. जुना चाकू बिनकामाच्या किल्ल्यांच्या डब्यात गेला.

मंगळवारी जावई आले, त्यांनी पातं उघडलं, मिटलं, एक स्क्रू फिरवून बघितला. "बघा, मी म्हटलं नव्हतं? वस्तू एक नंबर आहे."

"एक नंबर," चावीवाले म्हणाले. आता खोटं बोलावं लागत नव्हतं, म्हणून त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. तासभर ते त्या चाकूचे गुण सांगत बसले. बायकोने नंतर ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं कौतुक तुम्ही लेकीच्या निकालाचंही केलं नव्हतं."

लेक शाळेत चित्रकला शिकवायची. पुढच्या रविवारी तिने सहज चाकू हातात घेतला, पात्यावरची अक्षरं वाचली आणि वडिलांकडे बघून परत दिला. निघताना दारात चपला घालता घालता ती हळूच म्हणाली, "बाबा, तुमचा काना डावीकडे कलतो. माझ्या वह्यांवर नाव घालायचात तेव्हापासून कलतोय."

"त्यांना सांगणार आहेस?"

"मला काय पडलंय? पण जास्त कौतुक करू नका. ते मनावर घेतात."

लेकीचं म्हणणं खरं निघालं, फक्त चार महिन्यांनी. एका शनिवारी दुपारी जावई दुकानावर आले. हातात निळ्या मखमलीची तशीच पेटी होती.

"बाबा, एक काम होतं. आमच्या सरांचा उद्या निरोप समारंभ आहे. त्यांच्यासाठी हा घेतलाय. कोरून मात्र तुम्हीच द्या, तुमचा हात चांगला आहे."

"घेतलाय म्हणजे कुठून?" चावीवाल्यांनी विचारलं.

"तोच दुकानदार. तुमचा इतका छान चालतोय म्हटल्यावर मी फोन करून सहा मागवले. एक सरांना, बाकीचे दवाखान्यातल्या लोकांना."

चावीवाल्यांनी पेटी उघडली. चाकू उचलून दिव्यासमोर धरायचीही गरज पडली नाही.

"सर काय करतात?" त्यांनी विचारलं.

"जबड्याची ऑपरेशनं. निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोन दिवस करणार आहेत. त्यांच्यासारखा हात कोणाचा नाही. आणि रानावनात फिरायचा भारी नाद आहे, म्हणून तर हा चाकू."

चावीवाल्यांनी आपल्या बोटाकडे बघितलं. पट्टी कधीच निघाली होती, पण पांढरी रेघ राहिली होती. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टूल पुढे केलं. "जावईबापू, जरा बसा."

त्यांनी एक जुनं कुलूप घेतलं आणि पेटीतल्या चाकूच्या स्क्रू ड्रायव्हरने त्याचा स्क्रू फिरवला. टोक मेणासारखं वळलं. मग आपल्या खिशातल्या चाकूने तोच स्क्रू फिरवला. तो मुकाट्याने बाहेर आला. दोन्ही चाकू त्यांनी शेजारी ठेवले.

जावई वाकून बघत होते. "हा लॉट खराब आलेला दिसतोय. तुमच्या वेळचा माल चांगला होता."

"माझ्या वेळचा माल हा," चावीवाले म्हणाले आणि त्यांनी किल्ल्यांचा डबा टेबलावर पालथा केला. किल्ल्यांच्या ढिगातून लाल मुठीचा चाकू वर आला. कात्री लुळी पडलेली, चिमट्याची खाच रिकामी, पात्याच्या मुळाशी 'बाबांना'.

जावयांनी ती अक्षरं वाचली. मग दुसऱ्या चाकूवरची वाचली. चावीवाल्यांनी उगाच एक किल्ली पुसायला घेतली.

"म्हणजे चार महिने तुम्ही मला हसत होता?"

"हसत नव्हतो. घाबरत होतो."

"मला?"

"तुमच्या सासूबाईंना."

जावयांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, पण त्यांनी तो आवरला. "तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हवं होतं. आता सरांच्या हाताचं बोललात, म्हणून राहवलं नाही." चावीवाल्यांनी आपली पांढरी रेघ पुढे केली.

जावयांनी ते बोट हातात घेतलं आणि डॉक्टरसारखं उलटसुलट करून बघितलं. "टाका घालायला हवा होता."

"मशीनने कापलं असं सांगितलं होतं. टाका घातला असता तर चौकशी झाली असती."

आता मात्र जावई हसले. मग त्यांनी खिशातून दात तपासायचं आपलं भिंग काढलं आणि तिन्ही चाकू एकेक करून बघायला लागले. "हे पोलाद नाहीच. माझ्याकडे असं हत्यार कोणी विकायला आणलं असतं ना, मी त्याला दारातूनच परत पाठवला असता. मला हे कळायला हवं होतं."

"तोंडातलं तुम्हाला कळतं, खिशातलं मला."

"बाबा, खरं सांगा. मी आणखी काय काय चुकीचं आणलंय? त्या चपला?"

"चपला उत्तम आहेत."

"आणि तो निळा शर्ट?"

चावीवाले सांडलेल्या किल्ल्या डब्यात भरायला लागले. "तो तुमच्या सासूबाईंनी बदलून आणला. मला त्यातलं काही माहीत नाही."

काचेचं दुकान बंद व्हायला तास उरला होता. दोघे जावयाच्या स्कूटरवरून तिथे गेले. विक्रेत्या मुलीने चावीवाल्यांना ओळखलं आणि आधीच खुर्ची पुढे केली. या वेळी किंमत ऐकून जावयांना ती लागली. चाकू घेऊन ते परत आले, आणि चावीवाल्यांनी पात्यावर सरांचं नाव कोरलं, काना सरळ ठेवायची काळजी घेत.

रविवारी संध्याकाळी जावयांचा फोन आला. सरांनी पेटी उघडली, चाकू तळहातावर तोलला, उजेडात धरला आणि म्हणाले, "अरे, हा तर खरा आहे." मग त्यांनी जावयाला बाजूला घेऊन सांगितलं की आजवर तीन विद्यार्थ्यांनी त्यांना असेच चाकू दिले, तिन्ही नकली, आणि तिघांनाही ते 'फार छान' म्हणून मोकळे झाले. एकाच्या करवतीने तर त्यांनी रानात काठी कापायचा प्रयत्न केला होता आणि शेवटी ती हाताने मोडली होती. "तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. जावयांनी सांगितलं की माझे सासरे या विषयातले तज्ज्ञ आहेत. चावीवाल्यांनी हे वाक्य फोनवर दोनदा ऐकून घेतलं. पहिल्या वेळी नीट ऐकू आलं नाही म्हणे.

बायकोला सगळं कळलंच. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं, पण तिने एवढंच विचारलं, "शर्टाचं सांगितलंत?"

"नाही," चावीवाले म्हणाले. या खोट्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही.

पुढच्या रविवारी जावई पहिल्यांदाच हात हलवत आले. सासूबाईंना धास्ती वाटली, नक्की दुखावले असणार. पण ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "आई, आता मी अंदाजाने काही आणणार नाही. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "खरं सांगू? स्वयंपाकघरात एक कात्री हवी आहे. साधीच."

"आत्ता आणतो. बाबा, चला."

दोघे निघाले ते दोन तासांनी परतले. लेकीने दार उघडलं. दोघांच्याही हातात काही नव्हतं.

"दुकानं बंद होती?" सासूबाईंनी विचारलं.

"चार दुकानं बघितली," जावई म्हणाले. "पहिल्या कात्रीचा खिळा सैल होता. दुसरी बरी होती, पण भिंगातून बघितलं तर धारेला खळगे."

"तिसरीचं पोलाद चांगलं होतं," चावीवाले म्हणाले, "पण मूठ चिकटवलेली."

"चौथ्या दुकानदाराने आम्हाला कात्री हातातच घेऊ दिली नाही," जावई म्हणाले. "पुढच्या रविवारी जरा लवकर निघू, बाबा."

सासूबाईंनी लेकीकडे बघितलं. लेक जमिनीकडे बघत ओठ चावत होती.

"घरात एक होते तेच मला पुरत होते," सासूबाई म्हणाल्या आणि दुधाची पिशवी दातांनी फाडून त्यांनी चहाला आधण ठेवलं.