सुताच्या तिकिटावरची आई

माझी सून वसुधा आजारी पडली तेव्हा तिची मुलगी चार महिन्यांची होती. डॉक्टरांनी छाती तपासली, हात धुतले आणि माझ्या मुलाला, चिंतामणीला, बाहेर बोलावून क्षय असल्याचं सांगितलं. मूल आजपासून वेगळं ठेवा, तिने हात लावलेली वस्तूसुद्धा मुलाकडे जाऊ देऊ नका, असंही ते म्हणाले. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. माझी पत्नी आधीच गेली होती. चिंतामणी पुण्याला नोकरीला होता आणि महिन्यातून एकदा बेळगावला येई. राहिलो मी, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. तान्ह्या मुलाला दूध कसं पाजतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

आण्णाप्पा धावून आला. तो पूर्वी माझ्याच शाळेत कानडीचा मास्तर होता, मग बदली होऊन आपल्या गावी संकेश्वराला गेला. त्याच्या बायकोच्या, निंगव्वाच्या, अंगावर तेव्हा मूल होतं. एका अंगावर दोन पोरं सहज वाढतील, असं तिनेच कळवलं आणि दोघं येऊन विनूला घेऊन गेली. विनोदिनी हे तिचं पाळण्यातलं नाव, पण त्या नावाने तिला कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. वसुधा तेव्हा मागच्या खोलीच्या खिडकीत उभी होती. मुलगी रडत नव्हती म्हणून ती रडली.

ही छत्तीस-सदतीस सालची गोष्ट. मला गोष्टी सांगण्याची हातोटी नाही. घडलं तसं लिहितो.

वर्ष गेलं. वसुधाचा ताप कधी उतरे, कधी चढे. मोठ्या तापात तिचे केस कापावे लागले. वेंगुर्ल्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिचा अंबाडा मानेवर मावत नसे. आता ती डोक्यावरून पदर घट्ट ओढून बसे आणि आरसा तिने मागून घेतला नाही. मी तिचा सासरा, त्यात स्वभावाने भिडस्त. आम्ही फारसं बोलत नसू. मी वाचनालयातून पुस्तकं आणून तिच्या उंबऱ्याशी ठेवी आणि ती वाचून झाली की आमचं जे काय बोलणं होई ते त्या पुस्तकांवर.

एके दिवशी तिने वेगळंच पुस्तक मागितलं.

“मामंजी, विनूसाठी एक चित्रांचं पुस्तक बघाल का? त्यात आईचं चित्र पाहिजे. ती रोज बघेल. म्हणजे येईल तेव्हा तिला तो शब्द तरी ठाऊक असेल.”

मी खडेबाजारात परशरामच्या दुकानात गेलो. शाळेची पुस्तकं, पाट्या, पंचांगं असं सगळं तो विकायचा. मुलगी सव्वा वर्षाची आहे असं कळल्यावर त्याने मला खुळखुळा घेण्याचा सल्ला दिला.

“ह्या वयाची पोरं पुस्तक वाचत न्हाईत मास्तर, खात्यात,” तो म्हणाला.

दुकानातली गिऱ्हाइकं हसली, मीही हसलो, पण तो खरंच बोलत होता. त्याच्याकडची बालपुस्तकं पातळ कागदाची होती. चित्रं काळी, नखाएवढी; घोडा कुठला आणि गाढव कुठलं हे खालचं अक्षर वाचूनच कळे. तरी एक घेतलं. मग कॅम्पात गेलो. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या घरचं सामान तिथे विकायला काढलं होतं. त्यात जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, कोपरे गोल केलेलं एक रंगीत पुस्तक मिळालं. पुस्तक असं असू शकतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा होत्या.

घरी आल्यावर मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि एकेक पान उलटून वसुधाला लांबूनच दाखवू लागलो. तिने हात लावायचा नव्हता. तिचे हात मांडीवर एकमेकांत अडकवलेले होते. परशरामचं पुस्तक तिला तिथून दिसलंच नाही. साहेबाच्या पुस्तकात बर्फ होतं, कोट घातलेलं अस्वल होतं आणि पिसाची टोपी घातलेली एक गोरी बाई पाळणा हलवत होती.

“ही आई?” वसुधा म्हणाली. “ही बघून विनू दचकेल हो.”

बऱ्याच दिवसांनी ती हसली होती. मग खोकला आला.

तोड काढली ती शेजारच्या बाळाबाईने. खासबागेत आमच्या दोन्ही अंगांना विणकरांची घरं, दिवसभर मागांची खटखट. बाळाबाई रोज दुपारी मागच्या अंगणात येऊन वसुधाशी लांबूनच गप्पा मारत बसे. गिरणीतून सुताचे गठ्ठे येत, त्यांवर रंगीत चित्राचा कागद चिकटवलेला असे. त्याला विणकर तिकीट म्हणत. बाळाबाईच्या घरी अशी तिकिटं डबाभर साठली होती. ती तिने आणून माझ्या पदरात ओतली म्हणायला हरकत नाही, कारण मी धोतराचा सोगा पुढे केला होता.

तिकिटं निवडायला आम्हाला आठवडा लागला असेल. मी एकेक उंच धरी आणि वसुधा हो किंवा नाही म्हणे. पोपट हो. हत्ती हो, पण अंबारीशिवायचा, कारण अंबारीत हत्तीच हरवतो. घड्याळ हो. वाघ नको, रात्री झोपणार नाही. तिचं हे निवडणं बघून मला शाळेत इतकी वर्षं काय शिकवलं असा प्रश्न पडे. मी मुलांना अक्षरं दिली होती. मूल चित्राकडे कसं बघतं हे कधी पाहिलंच नव्हतं.

आईसाठी तीन-चार बायका होत्या. एक लक्ष्मी होती.

“देवी नको,” वसुधा म्हणाली. “ती नमस्कार करील.”

एक वीणा घेतलेली होती, ती म्हणे नाटकातली वाटते. एकीच्या हातात सूप होतं. ती बारीक, गालफडं बसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली होती. ते तिकीट मी जरा जास्त वेळ धरलं. वसुधाने मान हलवली आणि मी ते खाली ठेवलं. शेवटी तिने निवडली ती हिरव्या लुगड्यातली, भरल्या गालांची, अंबाड्यावर अबोलीचा गजरा आणि कडेवर मूल घेतलेली.

“मी अशीच होते ना?”

“अशीच,” मी म्हणालो.

“बरी झाले की पुन्हा अशीच दिसेन.”

पुठ्ठे बाजारातून आणले. चिकटवायला बाळाबाईने सुताला लावायची खळ दिली. खळीत मोरचूद घालायची माझी सवय, वाचनालयातली पुस्तकं मी तशीच बांधत असे. किडा लागत नाही. हात मोरचुदाच्या पुडीकडे गेला आणि परशरामचे शब्द आठवले. मोरचूद विषारी. पुडी परत फडताळात ठेवली. किडे लागले तर लागोत. प्रत्येक चित्राखाली मोठ्या अक्षरांत शब्द लिहिला. कोपरे कात्रीने गोल कापले. आण्णाप्पा बाजाराला आला तेव्हा पुस्तक त्याच्याकडे दिलं आणि रोज मराठीतच म्हणून दाखव, असं बजावलं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वसुधाला जरा बरं वाटू लागलं. डॉक्टरांनी मुलगी लांबून दाखवायला परवानगी दिली. अंगणात, उन्हात, जवळ न नेता. वसुधाने त्या दिवशी धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं. रंगीत नेसावं का हे तिने बाळाबाईला विचारलं होतं. पण तिची सगळी लुगडी औषधी पाण्यात उकळून विटून गेली होती.

आण्णाप्पा आणि निंगव्वा सर्व्हिस मोटारीने आली. विनू पावणेदोन वर्षांची झाली होती, गुटगुटीत, पायात वाळे. बगलेत पुस्तक होतं. वसुधा खोलीच्या दारात खुर्चीवर बसली होती. निंगव्वाने मुलीला अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि आण्णाप्पाने ती कोण आहे असं दाराकडे हात करून विचारलं.

विनूने तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग बोट दाखवून स्पष्ट म्हणाली, “आयी.”

वसुधाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाळाबाई कुंपणाशी उभी होती, ती डोळे पुसू लागली. मी आण्णाप्पाकडे पाहिलं, तर तो जमिनीकडे बघत होता. तेव्हा माझ्याही लक्षात आलं. त्याच्या घरी कानडी बोलतात, आणि त्या बाजूच्या कानडीत आयी म्हणजे आजी. आण्णाप्पाची म्हातारी आई सोवळी होती, केस काढलेली, पांढऱ्या लुगड्यातली, गाल बसलेली. विनू तिच्याच मांडीवर खेळे. मुलीने दारात बसलेल्या बाईला बरोबर ओळखलं होतं. तिच्या लेखी ती कुणाची तरी आजी होती.

निंगव्वाने अवघडून पुस्तक उघडलं. हत्ती, पोपट असं सगळं विनूने मराठीत म्हणून दाखवलं. हिरव्या लुगड्यातल्या बाईवर बोट ठेवून म्हणाली, “अव्वा.” आणि निंगव्वाच्या निऱ्यांत तोंड लपवलं.

निघताना आण्णाप्पाने मला फाटकाशी गाठलं.

“मी सांगून दमलो हो मास्तर. ह्या चित्राला आई म्हण, आई म्हण. ती चित्राकडं बघायची, माझ्या आईकडं बघायची आणि हसायची. आमच्या घरात तो शब्द आधीच म्हातारीनं धरून ठेवलेला. मग आमच्या हिनं त्या चित्राला अव्वा म्हण म्हणून सांगितलं.”

त्याने माझा हात धरला होता. अव्वा म्हणजे कानडीत आई, हे त्याला मला सांगावं लागलं नाही.

मी परत आलो तेव्हा वसुधा तशीच दारात बसलेली होती. तोंडावर रंग आला होता.

“मामंजी, ती मला आई म्हणाली. ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“आणि चित्राला काय म्हणाली ती? अव्वा म्हणजे काय?”

“बाई,” मी म्हणालो. “कानडीत कुठल्याही बाईला अव्वा म्हणतात.”

तसं म्हणतातही. तिला वेंगुर्ल्याची मराठी आणि मालवणी एवढंच येत होतं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. रात्रीचं दूधही प्यायली, आणि दुसऱ्या दिवशी बाळाबाईला म्हणाली की मुलीला सगळं कानडी कळतं, तर मला चार शब्द शिकवा.

दुपारी मी मुद्दाम बाळाबाईच्या मागाशी गेलो. तो एक शब्द तेवढा तिला सांगू नका, एवढंच म्हणायचं होतं. बाळाबाईने धोटा थांबवला.

“काय वो मास्तर, काय पायजे?”

माग बंद झाल्यावर घर फार शांत झालं. मी सुताचा भाव काय चाललाय असं विचारलं आणि परत आलो.

त्यानंतर रोज दुपारी मागच्या अंगणातून त्यांचा आवाज येई. ये कसं म्हणायचं, बस कसं म्हणायचं. वसुधाचे उच्चार ऐकून बाळाबाईला फार हसू येई. एका दुपारी हसू आलं नाही. मी पुस्तक मिटून कान दिला, पण पुढे काहीच ऐकू आलं नाही. संध्याकाळी वसुधाचं जेवणाचं ताट जवळजवळ तसंच परत आलं. ताप असेल असं मी धरून चाललो. ताप नव्हता.

आषाढात आण्णाप्पाने विनूला पुन्हा आणलं. वसुधा आता खुर्चीवर फार वेळ बसू शकत नव्हती, तिला दाराच्या चौकटीला टेकवून उशा लावल्या होत्या. पावसाची उघडीप होती. या खेपेला विनू बुजली नाही. तिने लांबूनच हाक मारली, “आयी.”

“ओ,” वसुधा म्हणाली. मग हळूहळू, एकेक अक्षर जुळवत तिने विचारलं, “ऊटा आत?”

जेवलीस का, म्हणून. संकेश्वरच्या म्हातारीने विचारावं तसं.

“आत,” विनू म्हणाली. झालं, म्हणून.

वसुधाने तिला काय खाल्लं ते विचारलं. विनूने सांगितलं. वसुधाला यातलं किती कळलं देव जाणे, पण ती मान हलवत राहिली. मुलगी खुलली, बोलत बोलत पुढे येऊ लागली. हातातलं पुस्तक तिने टाकून दिलं. आजीची मांडी दिसली की मुलं जशी दोन्ही हात पसरून येतात तशी ती दाराकडे निघाली. निंगव्वा पुढे झाली, मीही उठलो.

वसुधाने आपले हात पाठीमागे नेले. उशा सरकल्या आणि ती चौकटीवर जवळजवळ कलंडली. पण आवाज तिने चढवला नाही.

“अव्वन कडे होगू,” ती म्हणाली.

आईकडे जा.

विनू थांबली. तिने वसुधाकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं, आणि पळत जाऊन निंगव्वाच्या गळ्यात पडली. निंगव्वा तिला कडेवर घेऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मी उशा नीट करायला गेलो तेव्हा वसुधा म्हणाली, “नीट बोलले ना मामंजी? बाळाबाई म्हणतात, माझा ग चुकतो.”

मी म्हणालो, नीट बोललीस. यापलीकडे त्या शब्दांबद्दल आम्ही दोघं कधीच काही बोललो नाही. बोलायला श्रावणापर्यंतच वेळ होता.