बारा मीटरचा रस्ता

अप्पा गेल्यानंतरची शिवगणाराधना झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बानूबाई दारात येऊन उभी राहिली. मुरूम गावातल्या आमच्या घरात पंगतीची मोठी पातेली अजून अंगणात पालथी पडली होती. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "उमे, चल की. माझी पाटी दाव."

मला कळलं होतं. तरी मी विचारलं, "कसली पाटी, मावशी?"

"आता गं. मालकानं सांगितल्याली. रस्त्याला माझं नाव लागलंय म्हनं."

मालक म्हणजे माझे वडील, अप्पा. गावाच्या कडेला आमचं चार एकर रान होतं. दोन वर्षांपूर्वी अप्पांनी ते माझ्या चुलतभावाला, नंदीशला प्लॉटिंगसाठी दिलं. अट एकच घातली, की गल्ल्यांची नावं ते सांगतील. मंजूर नकाशावर नावं नव्हतीच. नऊ मीटर, नऊ मीटर, बारा मीटर, अशी रुंदी लिहिलेली होती. नंदीश म्हणाला होता, "साहेबाला रुंदी लागती, अक्का. गिऱ्हाइकाला नाव लागतं. फुलं घ्यावीत, न्हायतर नद्या. संत घ्यायचे तर सगळ्या समाजांचे घ्यावे लागतात, तेवढ्या गल्ल्या न्हाईत आपल्याकडं." वसाहतीला त्यानं आपल्या मुलीचं नाव आधीच देऊन टाकलं होतं, शिवप्रिया पार्क.

अप्पांनी नावं फोनवर सांगितली. मी पुण्याला कॉलेजात शिकवते, त्यामुळे लिहून काढायचं काम माझं. खडकपट्टी. जोडलिंबं. इरम्माचा आड, म्हणजे माझ्या आजीनं खणून घेतलेला. आणि बारा मीटरच्या मोठ्या रस्त्याला बानूबाईची वाट.

ज्वारी निघाली की बानूबाई आमच्या रानात मेंढ्या बसवायची. आठ-दहा रात्री कळप रानात बसला की लेंड्यांचं खत पडतं, दुसरं काही घालावं लागत नाही. तीस-पस्तीस वर्षं ती एकाच बाजूनं कळप आत आणायची. खुरांनी ती वाट इतकी घट्ट झाली होती की तिथं नांगर लागत नसे. मोजणीवाल्यानंही मोठा रस्ता त्याच रेषेवर धरला. अप्पा म्हणाले, "रस्ता तिनंच केलाय. आपण नुसतं डांबर टाकायलोय."

मी नावं वहीत उतरवली आणि नंदीशला दुसरीच कळवली. बकुळ, पारिजात, केतकी, सोनचाफा. यातलं एकही झाड आमच्या रानात कधी नव्हतं. त्याच वर्षी मी कॉलेजच्या वार्षिक अंकात गावोगावची जुनी स्थळनावं जपली पाहिजेत, असा लेख लिहिला होता. लोकांनी तो वाचून फोन केले होते. पण छापील माहितीपत्रक माझे सहकारी बघणार, माझ्याही नावावर तिथं एक प्लॉट होता, आणि पत्ता सांगताना 'बानूबाईची वाट' असं तोंडातून निघणार, हे मला सोसेना. नंदीशनं विचारलं होतं, "काकांची नावं वेगळी होती ना?" मी म्हणाले, "ती राहू दे. फुलांचीच ठेव."

अप्पांनी दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी ते दवाखान्यात होते आणि बोलताना त्यांना धाप लागत होती. मी सांगितलं, "लागली, अप्पा. तुमचीच नावं लागली." ते म्हणाले, "बरं झालं. तिला निरोप दिलाय म्या." पुढं बारा दिवसांनी ते गेले.

बानूबाई पुढं आणि मी मागं, अशा आम्ही चाललो. ती काठी टेकत चालत होती, पण वेग माझ्यापेक्षा जास्त. वाटेत ती म्हणाली, "सुनेला सांगितलं तर ती हसली. म्हनली, आत्या, तुमचं नाव रेशनकार्डावर बी नीट न्हाय, रस्त्यावर कोन लिवतंय."

वसाहतीच्या कमानीजवळ नंदीश उभा होता. दोन माणसं मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब सरळ करत होती. खांबावर नवी निळी पाटी होती, 'लिं. वीरप्पा मार्ग', म्हणजे लिंगैक्य अप्पांचं नाव. हे मला माहीत नव्हतं.

"सोनचाफा काढला," नंदीश मला म्हणाला. "काकांचं नाव नको का? तुला बरं वाटंल म्हणून काल बोललो न्हाय."

बानूबाई पाटीसमोर थांबली. तिला वाचता येत नाही. "हीच का रं?" तिनं विचारलं.

नंदीशनं माझ्याकडं पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. अर्ध्या क्षणात तो हसून म्हणाला, "व्हय मावशी, हीच. झकास झालीय ना?"

तिनं काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं पाटीवरची अक्षरं चाचपली. माझ्या वडिलांच्या नावावरून तिची बोटं हळूहळू फिरत होती. "लई मोठं लिवलंय," ती म्हणाली. खांब धरलेला माणूस खाली बघू लागला.

तिथं गप्प राहणं सोपं होतं. नंदीशनं माझं काम करून टाकलं होतं. ती घरी जाऊन सांगेल, समाधानानं राहील, असा विचार माझ्या मनात आला आणि तो मला पटतही होता. मग मला दिसलं की अप्पांनाही मी असंच समाधान दिलं होतं.

"मावशी, हे तुमचं नाव नाही," मी म्हणाले. "हे अप्पांचं आहे."

"अक्का," नंदीश म्हणाला.

"अप्पांनी तुमचं सांगितलं होतं. मी ते लिहिलंच नाही."

बानूबाईनं हात काढून घेतला आणि पदराला पुसला. पाटीला अजून ओला रंग होता की काय, मला कळलं नाही. "मग मालक तर म्हनले, लागलं म्हनून."

"मी त्यांना खोटं सांगितलं."

"कवा?"

"दवाखान्यात."

तिनं काठीचं टोक रस्त्यावर आपटून पाहिलं. खडी टाकून झाली होती, डांबर पडायचं होतं. नंदीश मध्ये पडला. "मावशी, त्यात काय एवढं. हे बघा, आतली केतकी गल्ली हाय, नऊ मीटरची. तिला तुमचं नाव लावू. आठ दिवसांत पाटी करून देतो."

"नगं."

"अहो, मी मनापासून सांगायलोय."

"आता नगं, बाबा. आता लागलं तर म्हातारीनं रडून मागून घेतलं म्हनतील." ती माझ्याकडं वळली. "म्या सगळ्या वस्तीत सांगून बसले. जळकोटला लेकीला फोन केला. ती यायलीय बघायला, पोराबाळांला घेऊन. मला वाचता येत न्हाय, तिच्या पोरांला येतंय."

मला हे सुचलंच नव्हतं. आजवर मी खोटं फक्त माझ्या आणि अप्पांच्या मधलं धरून चालले होते.

"मी काय करू, मावशी?"

"चल," ती म्हणाली. "तूच सांग त्यास्नी. माझं कोन ऐकनार."

तिची वस्ती ओढ्यापलीकडं. लहानपणी मी तिथं कोकरं बघायला जायची, बसले की बायका माझ्यापुढंही शेंगांचं सूप सरकवायच्या. तिच्या घरापुढं पत्र्याच्या सावलीत चार-पाच बायका शेंगा फोडत होत्या. तिची सून ज्ञानेश्वरी उठून उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला. "या ताई. बगितली का पाटी आत्यानं?"

बानूबाई भिंतीला टेकून बसली. "हिचं ऐका," एवढंच म्हणाली.

मी चाळीस मुलांसमोर तास घेते, सभांमध्ये बोलते. इथं मला पहिलं वाक्य सापडेना. मग सांगितलं. अप्पांनी मोठ्या रस्त्याला बानूबाईचं नाव द्यायला सांगितलं होतं, ते खरं आहे. मावशी खोटं बोलल्या नाहीत. नाव मी गाळलं.

"का गाळलं?" ज्ञानेश्वरीनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळलं नव्हतं.

"मला लाज वाटली."

"कशाची?"

शेंगा फोडायचं थांबलं होतं. या प्रश्नाला बरी वाटतील अशी पुष्कळ उत्तरं मला येत होती. गिऱ्हाइकं, माहितीपत्रक, नंदीशची घाई.

"त्यांच्या नावाची," मी म्हणाले.

 एका म्हातारीनं पुढ्यातली टरफलं सुपात ओढली. ज्ञानेश्वरी माझ्याकडं बघत होती, मग तिनं सासूकडं पाहिलं. "आत्या, च्या ठिवू का?"

बानूबाईनं डोळे मिटले होते. ते न उघडताच ती म्हणाली, "ठिव. लांबनं आलीया."

मला नको म्हणता आलं नाही. कुणीतरी पोतं अंथरलं, त्यावर मी बसले. चहा होईपर्यंत सगळ्या शेंगा फोडत राहिल्या, आणि माझ्यापुढं कुणी सूप सरकवलं नाही.