सगळ्यांना कळवा

लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहणारी ती सगळ्यांशी हसूनखेळून असे, पण माहेर-सासर कुठलं असं कुणी विचारलं की तोंडाला कुलूप. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली होती. ती या शहरात आहे याची थोरल्या बहिणीखेरीज कुणालाही कानोकान खबर नव्हती. नवा नंबरही ताईनंच घेऊन दिलेला. "त्याचा नंबर मात्र ठेव फोनमध्ये," ताई म्हणाली होती, "नाहीतर अनोळखी म्हणून उचलून बसशील." म्हणून नवऱ्याचं नाव फोनमध्ये 'उचलू नको' असं होतं. ताईचा सल्ला सोळा आणे बरोबर होता, हे कुणीही मान्य करील.

आता मुकादमीणबाईंनी फतवा काढला. यापुढे कामाच्या पाळ्या फोनवरच्या ग्रुपवर कळतील, जिच्याकडे ॲप नाही तिनं खुशाल घरी बसावं. घरी बसणं हिला कुठलं परवडायला! कपड्यांवरचे डाग काढणारी तिची मैत्रीण लगेच मदतीला धावली. तिला सगळे बुटकी म्हणत. फोनमधलं बुटकीला सगळं येतं, असा तिचा लौकिक होता. खरं तर तिला एकच येत होतं: फोन जे विचारेल त्याला 'हो' म्हणायचं.

जेवणाच्या सुट्टीत दोघी टेबलाशी उभ्या राहिल्या. इंटरनेट चालू झालं, नंबर टाकला, कोड आला.

"आता फोटो. हस बघू!"

"फोटो नको गं."

"मग काय भुतासारखी येणारेस ग्रुपवर?"

वाफेनं लालबुंद झालेला चेहरा, मागे भिंत, भिंतीवर लॉन्ड्रीची नाव-पत्त्याची पाटी. कित्येक दिवसांत तिचा कुणी फोटो काढला नव्हता. तिला तो आवडला, अगदी मनापासून आवडला.

"आता काय विचारतोय?"

"विचारत बसतो मेला." बुटकीचं बोट सुसाट चाललं होतं. फोनमधली नावं बघू? हो. सगळ्यांना कळवू? हो.

"थांब! कुणाला कळवलंस?"

"तुझ्या फोनमध्ये आहेत त्या सगळ्यांना. तू आलीस ते कळायला नको?"

"परत घे ते."

"ते आता परत नाही येत. एवढी काय घाबरतेस, आपलीच तर माणसं!"

तिनं फोन हिसकावून घेतला. निदान फोटो तरी पुसावा म्हणून ती इकडेतिकडे बोटं मारत राहिली, पण कुठलं बटण कशाचं तेच कळेना. तेवढ्यात फोन वाजला. मुकादमीणबाईंनी अंगठा पाठवला होता. तिचा जीव भांड्यात पडला.

फोन पुन्हा वाजला. 'उचलू नको'.

"फोटो झकास आलाय. मागची पाटीसुद्धा वाचता येते."

"बघ, आले की नाही लगेच मेसेज?" बुटकी खुशीत म्हणाली. "कोण गं हा?"

ती धावली ती थेट दार लावायला. पण दिवसा गिऱ्हाइकांसाठी दोन्ही फळ्या सताड उघड्या असत, आणि आतून लावायला त्या दाराला कडीच नव्हती.