बोट शिरेल एवढी जागा

मी एक भिंत आहे. स्वयंपाकघर आणि आजींची खोली यांच्यामधली. छताचा भार बाहेरच्या भिंती वाहतात, त्यामुळे आजवर सगळा तोरा त्यांचाच. मी आपली कॅलेंडरच्या खिळ्यापुरती. आज मात्र माझ्या पोटात पुस्तकं आहेत आणि माझा रुबाब काही विचारू नका!

आजींनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. वाचनाचं मात्र वेड. गुडघ्यांनी दगा दिला आणि पलंगाखालच्या ट्रंकेतली पुस्तकं त्यांना लांब झाली. प्रत्येक पुस्तकासाठी मुलाला नाहीतर सुनेला हाक मारायची. मग त्यांनी हाक मारणंच सोडलं, आणि वाचणंही.

हे सुनेच्या लक्षात आलं. कपाट ठेवावं तर आजींचा वॉकर अडणार. "भिंतीतच कप्पे करू या," ती म्हणाली.

गवंड्याने मला ठोकून पाहिलं. "हिच्यावर भार नाही, बिनधास्त फोडा." हे कौतुक की अपमान, मला कळेना. छिन्नी लागली तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मी हूं की चूं केलं नाही. स्वयंपाकघराच्या बाजूला साधा तडासुद्धा जाऊ दिला नाही.

चिरंजीवांनी एकेक पुस्तक टेपने मोजलं. "तसूभरही जागा वाया घालवायची नाही," असं सुताराला बजावलं. सुताराने सांगितलं तस्संच केलं. पुस्तकं अशी गच्च बसली की चिरंजीवांची कॉलर ताठ झाली.

आजी माझ्याजवळच्या खुर्चीत बसल्या, हात पुढे केला. पुस्तक हलेना. वर फट नाही, बाजूला फट नाही. त्यांची वाकडी झालेली बोटं नुसती घसरत राहिली. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"असू दे. दिसतंय छान."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, हे दिसण्यासाठी नाही केलेलं," सून म्हणाली. "काय चुकलंय ते सांगा बरं."

तेव्हा कुठे आजी हसल्या. "अरे, एवढा अंगाबरोबर सदरा शिवला असता, तर गिऱ्हाईकानं माझ्या तोंडावर फेकला असता! थोडी ढील नको? काढ एक फळी."

"आणि तिच्यावरची पुस्तकं कुठे ठेवू?" चिरंजीवांनी विचारलं.

"तुझी ती परीक्षेची जाडजूड पुस्तकं आता कोण वाचतंय?"

चिरंजीवांचा चेहरा पडला, पण त्यांनी स्वतःचीच पुस्तकं उतरवली. सुताराने पुन्हा येऊन उरलेल्या फळ्या मोकळ्या लावल्या. जुन्या स्क्रूंची भोकं अजून माझ्या अंगावर आहेत. मी ती मिरवते.

तुम्हीही भिंतीत असे कप्पे कराल, तर एवढं ऐका: ठासून भरू नका, बोट शिरेल एवढी जागा ठेवा. छत बाहेरच्यांनी खुशाल सांभाळावं, मला त्यांचा हेवा वाटत नाही. काल दुपारी आजींनी आपल्या हातानं पुस्तक काढलं आणि मांडीवर उघडलं. बऱ्याच वेळानं स्वयंपाकघरातून चिरंजीवांनी विचारलं, "आई, काही हवंय का?"

"काही नको. मध्येमध्ये बोलू नकोस, वाचतेय मी."