बाहेर ठेवलेली यादी

मुलुंडच्या त्या औषध कारखान्यात फोन आणि लॅपटॉप गेटवर जमा करतात. पेनड्राइव्ह तपासून दिवसातून एकदाच आत नेता येतो. बाहेर पडायला गेटपासवर क्वालिटीच्या माधुरी मॅडमची सही लागते आणि काम झाल्याशिवाय मॅडम सही करत नाहीत. मला चार वाजता पवईला पीएचडीच्या मुलाखतीला पोचायचं होतं. काम वीस मिनिटांचं होतं, म्हणून मी अकराला आत गेले.

मशीन थायरॉइडच्या गोळ्या एकेक करून तोलतं आणि वजन चुकलेली बाजूला टाकतं. ते चालवणारा जावाचा प्रोग्राम माझा. कोड, चित्रं, कोणत्या गोळीचं वजन किती ते किती चालेल याची यादी, सगळं एकाच जार फाइलमध्ये बांधलेलं. यादी आतच हवी, ही कारखान्याचीच अट होती.

पेनड्राइव्हवरची जार मशीनच्या संगणकावर घेतली आणि चालू केली. पडद्यावर आलं, यादी सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे?" मॅडम म्हणाल्या. "तू तर म्हणालीस आत आहे."

"आतच आहे."

"माझो चष्मो पण घरातच असता," मशीनवरचे नंदूकाका म्हणाले. "पण गावता खंय?"

जार म्हणजे एक झिपच. उघडून पाहिली. यादी जागेवर होती. पण माझा कोड ती मागत होता डिस्कवरच्या फोल्डरमधून, आणि जारच्या आतली फाइल डिस्कवर नसते. ती प्रोग्रामने स्वतःच्या पोटातूनच वाचावी लागते. एवढं मला लगेच कळलं. मग आमच्या ऑफिसात हीच जार तीनदा चालली कशी? त्याचं उत्तर मिळायला दीड वाजला. ऑफिसात मी जार प्रोजेक्टच्याच फोल्डरमधून चालवत होते. तिथे त्याच मार्गावर त्याच नावाची यादी बाहेरही होती आणि प्रोग्राम गुपचूप ती वाचत होता. आतल्या यादीला कधी कोणी हातच लावला नव्हता.

दुरुस्ती दोन ओळींची होती. पण इथल्या संगणकावर जावा फक्त चालवता येत होतं, नवा कोड तयार करता येत नव्हता. खोलीला खिडकी नव्हती. समोरच्या भिंतीवर घड्याळ तेवढं होतं.

पावणेतीनला सुचलं. यादी जारमधून बाहेर काढली, जारशेजारी कोड मागतो तसंच फोल्डर बनवलं आणि त्यात ठेवली. मशीन सुरू झालं. गोळ्या टकटक पुढे सरकू लागल्या.

"झकास!" मॅडम म्हणाल्या. "गेटपास घेऊन येते. निघ तू, मुलाखत चुकायची."

त्या गेल्यावर नंदूकाका पडद्याजवळ आले. "ही यादी भायर कशी इली गो? उघडता?"

त्यांनी दोनदा क्लिक केलं. यादी नोटपॅडमध्ये उघडली.

"आदल्या मशीनची अशीच होती. मशीन बोंबलूक लागला की पोरां यादीतलो आकडो वाढवीत, मगे चुकलेली गोळी पण पास. म्हणान तर ह्या नवा घेतल्यानी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी काय बोलाचंय नाय. तुका जाऊचा आसा."

मी फाइलला 'फक्त वाचण्यासाठी' अशी खूण केली. मग स्वतःच ती काढून पाहिली. एका क्लिकमध्ये निघाली. तिन्ही पाळ्यांना लॉगिन एकच होतं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. खाली रिक्षा मिळाली असती.

मॅडम आल्या. पेनाचं टोपण काढलं.

"मॅडम, थांबा ना."

मी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि पेन बंद केलं.

"नवीन पेनड्राइव्ह?"

"उद्या आणता येईल."

"मग काम अपूर्ण. अपूर्णवर माझी सही चालत नाही गं, प्लांट हेडची लागते. ते मीटिंगमध्ये आहेत. साडेचारशिवाय उठत नाहीत."

"मला चार वाजता..."

"माहितीये. सकाळपासून चारदा सांगितलंस." तरी त्यांनी आतल्या फोनवरून प्लांट हेडच्या केबिनला विचारलं. मला पलीकडचं ऐकू आलं नाही, पण त्यांचं "बरं" ऐकू आलं.

"फोल्डर तसंच ठेवू?" मी विचारलं.

"तूच सांग."

मी ते पुसलं आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. मशीन थांबलं. पडद्यावर सकाळचीच ओळ आली. नंदूकाकांनी पट्ट्यावर उरलेल्या गोळ्या लाल डब्यात भरायला घेतल्या.

मॅडमनी अहवालाचा कागद पुढे केला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'प्रोग्राम जारमधली यादी वाचत नाही. चूक माझी.'

"शेवटचं खोड," मॅडम म्हणाल्या. "इथे फक्त कारण लिहायचं असतं."

मी खोडलं. पुढचा रकाना बाहेर पडण्याच्या वेळेचा होता. "तो आत्ता भरू नकोस," त्या म्हणाल्या आणि बसायला खुर्ची ओढून दिली.